मिउराची मोहिनी आणि मालकाची परीक्षा

नोव्हेंबर १९६५. तुरीनच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनी नावाच्या अवघ्या अडीच वर्षांच्या कंपनीने जे मांडले होते, त्याला गाडी म्हणणे कठीण होते. ठिकठिकाणी भोके पाडलेला काळा पोलादी सांगाडा, धूर बाहेर टाकणाऱ्या चार पांढऱ्या नळ्या आणि चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन. वर पत्रा नाही, दरवाजे नाहीत. तरीही त्या सांगाड्याभोवती गर्दी हटेना, आणि काही हौशी धनिकांनी गाडीचे रूप पाहण्याआधीच मागणी नोंदवली.

दुर्मीळ, महागडी, अतिवेगवान स्पोर्ट्‌स कार बाळगण्याच्या हौसेचा आधुनिक इतिहास या सांगाड्यापासून सुरू होतो असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. या हौसेतले सुख आणि तिच्यातला मनस्ताप, दोन्हींचे मूळ एकाच तांत्रिक निर्णयात कसे होते, हा या धाग्याचा विषय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी (१९१६–१९९३) हा चेंतोजवळच्या रेनाझ्झो गावातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो ऱ्होड्‌स बेटावर इटालियन सैन्याच्या वाहनांची दुरुस्ती करत होता. युद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेल्या वाहनांचे भाग जोडून त्याने शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि त्यात तो गडगंज झाला. १९४८ मध्ये स्वतः सुधारलेली फियाट टोपोलिनो घेऊन तो मिल्ले मिलिया शर्यतीत उतरला होता. ती गाडी रस्त्यालगतच्या एका खाणावळीत घुसली आणि शर्यत तिथेच संपली. पुढे शर्यतींविषयी त्याला जी अढी राहिली, तिच्यामागे हा अनुभव असावा असे मानायला जागा आहे.

श्रीमंती आल्यावर त्याने फेरारी घेतली. तिचा क्लच वारंवार बिघडे. तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला आणि ट्रॅक्टरवाल्याला मोटारीतले काय कळते, अशा अर्थाचे उत्तर ऐकून परतला, ही कथा जगप्रसिद्ध आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ती जपून वापरावी. ती आपल्यापर्यंत आली आहे ती मुख्यतः फेरुच्चोच्याच तोंडून, आणि मोटारी विकणाऱ्या माणसाला अशा कथेचा उपयोग किती असतो हे वेगळे सांगायला नको. निर्विवाद गोष्ट एवढीच, की १९६३ मध्ये त्याने बोलोन्याजवळच्या सांतागाता गावी मोटारींचा कारखाना काढला आणि इंजिनाच्या आराखड्यासाठी जॉत्तो बिझारिनी या फेरारी सोडून आलेल्या अभियंत्यालाच गाठले.

फेरुच्चोला हवी होती ती वेगवान, पण सभ्य आणि आरामशीर गाडी. शर्यतीच्या खर्चिक नादाला लागायचे नाही हे त्याने स्पष्ट बजावले होते. त्याच्या पदरी असलेल्या तरुणांना मात्र नेमका तोच नाद होता. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोघे अभियंते १९३६ चे. चाचणीचालक बॉब वॉलेस हा न्यूझीलंडचा, जन्म १९३८. म्हणजे १९६५ मध्ये तिघेही तिशीच्या आतले. नेमून दिलेले काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी हा सांगाडा घडवला, तो मालकाचे मन वळेल या आशेवर. मालकानेही फार विरोध केला नाही. त्याच्या हिशेबी ती कंपनीची एक चांगली जाहिरात होती. अशा गाड्या फारशा खपणार नाहीत, असे त्याने धरले होते.

आता त्या निर्णयाकडे येऊ. त्या काळी रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांचे इंजिन सहसा पुढे असे. शर्यतीच्या गाड्यांमध्ये ते मधोमध, म्हणजे चालकाच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे गेले होते, कारण वजन मध्याशी असले की गाडी वळणावर चटकन वळते. पण बारा सिलिंडरचे लांबलचक इंजिन तिथे उभे घातले तर गाडी अवाढव्य लांब होणार. दाल्लाराने उपाय उचलला तो एका छोट्या, स्वस्त ब्रिटिश गाडीतून. १९५९ च्या मिनीमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवे बसवून जागा वाचवली होती. दाल्लाराने ३,९२९ घन सेंटिमीटरचे इंजिन तसेच आडवे केले आणि गिअरबॉक्स त्याच ओतीव कवचात सामावून घेतला. गाडीचे तांत्रिक नाव पी ४००: ‘पी’ म्हणजे इटालियनमधील पोस्तेरिओरे, मागे, ४०० म्हणजे चार लिटर.

सांगाड्यावर पत्र्याचे शरीर चढवण्याचे काम बेर्तोने या कारागीरसंस्थेने घेतले आणि ते पडले मार्चेल्लो गांदिनी या २७ वर्षांच्या आरेखकाकडे. चार महिन्यांत, मार्च १९६६ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात नारिंगी रंगाची मिउरा उभी राहिली. सेव्हिलजवळ लढाऊ बैलांची पैदास करणाऱ्या मिउरा घराण्यावरून हे नाव घेतले होते. कमरेएवढी उंची, झोपलेले दिवे आणि त्या दिव्यांभोवती पापण्यांच्या केसांसारख्या काळ्या पट्ट्या. इंजिन मागे गेल्यामुळे नाक जमिनीसरसे आणता आले; इंजिन आडवे असल्यामुळे सगळे शरीर आवळ राहिले. थोडक्यात, जे सौंदर्य पाहून लोक भुलले, ते दाल्लाराच्या मांडणीशिवाय शक्यच नव्हते. ‘सुपरकार’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्याचे श्रेयही बहुधा याच गाडीला दिले जाते.

आणि मग लोकांनी ती विकत घेतली.

इंजिन चालकाच्या कानामागे काही इंचांवर होते. मध्ये एक काच. साखळ्या, गिअर आणि चार कार्ब्युरेटरांचा एकत्रित कोलाहल इतका, की दूरच्या प्रवासात शेजारच्या माणसाशी बोलणे अवघड व्हावे. उन्हाळ्यात इंजिनाची उष्णता आत येई. सामान ठेवायचे ते अगदी मागे, धुराच्या नळ्यांच्या लगत, तेव्हा तेही तापे. मागच्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपेतून मागचा रस्ता पाहणे म्हणजे अंदाजाचाच खेळ. दुरुस्तीला घ्यावी, तर आडव्या इंजिनाची एक बाजू चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला खेटलेली. तिथे कारागिराचा हात पोचणे मुश्कील.

एवढ्यावर भागले असते तर हौसेला मोल नाही म्हणून सोडून देता आले असते. पण काही दोष अधिक गंभीर होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असल्यामुळे दोहोंना तेल एकच. गिअरचे दाते झिजून सुटलेला धातूचा बारीक कीस त्याच तेलातून इंजिनाच्या नाजूक भागांपर्यंत पोचण्याचा धोका राही. इंधनाची टाकी पुढे होती. ती रिकामी होत जाई तसे नाक हलके होई, आणि अतिवेगात त्याच देखण्या, उतरत्या नाकाखाली हवा शिरून पुढची चाके उचलल्यासारखी वाटत. कागदोपत्री ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या गाडीचे सुकाणू ऐन वेगात हलके पडणे, हे त्या चाकामागे बसलेल्यालाच कळावे. सुरुवातीच्या गाड्यांच्या सांगाड्याचा पत्रा ०.९ मिलिमीटरचा होता. तो लवतो असे ध्यानात आल्यावर पुढे १ मिलिमीटरचा करण्यात आला.

सर्वांत वाईट होती आग. मिउराचे वेबर कार्ब्युरेटर शर्यतीसाठी रचलेले होते. शर्यतीत गाडी जागेवर उभी राहत नाही. शहरात मात्र सिग्नलला, गर्दीत, हॉटेलच्या दारात ती उभीच असते. इंजिन असे मंद फिरत राहिले की कार्ब्युरेटरांच्या खोबणीत पेट्रोल साचे. नंतर चालकाने जोरात पाय दाबला आणि इंजिनाने उलटा भडका मारला, की ते पेट घेई. मिउरा पाहायला लोक जमावेत, मालकाने त्यांच्यासाठी इंजिन जरा गुरगुरवावे आणि नेमक्या त्याच क्षणी धूर निघावा, यातला विपर्यास त्या काळच्या मालकांना पुरेपूर ठाऊक होता. अनेक मिउरा अशा जळाल्या.

इतके दोष असलेली गाडी विकली कशी, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. उघडा सांगाडा ते जिनिव्हातली गाडी यांत चार महिने गेले. विक्रीही त्याच वर्षी सुरू झाली. फेरारीसारख्या कंपनीकडे शर्यतींचा दीर्घ अनुभव होता, त्या मैदानात गाड्या मोडून शिकता येई. लॅम्बोर्गिनीकडे बॉब वॉलेस होता आणि आसपासचे सार्वजनिक रस्ते होते. परिणामी उरलेली चाचणी ग्राहकांनी केली, आणि तीही अमेरिकेत सुमारे २०,००० डॉलर मोजून. १९६८ ची ‘एस’ आणि १९७१ ची ‘एसव्ही’ या आवृत्त्यांत एकेक दोष दूर होत गेला. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे झाले ते अखेरच्या काही एसव्हींमध्ये. म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने पूर्ण झाली ती तिचे उत्पादन थांबण्याच्या सुमारास. १९७३ पर्यंत ७६० च्या आसपास मिउरा बनल्या.

ग्राहक तरीही येतच राहिले. फ्रँक सिनात्रा, रॉड स्ट्यूअर्ट, इराणचे शाह. १९६९ च्या ‘द इटालियन जॉब’ चित्रपटाच्या आरंभी नारिंगी मिउरा आल्प्सच्या घाटातून डौलात जाते आणि बोगद्यात तिचा चेंदामेंदा होतो. मोहिनी आणि शेवट, दोन्ही पाच मिनिटांत. प्रत्यक्षातही असे घडत होते. जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपली लॅम्बोर्गिनी आदळली आणि त्यांचे दोन्ही घोटे मोडले. वॉलेसने फावल्या वेळात शर्यतीच्या नियमांना धरून बनवलेली एकमेव ‘योता’ कंपनीने विकून टाकली. १९७१ मध्ये ब्रेशाजवळ अपघातात ती जळून खाक झाली. शाहांची मिउरा १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांच्या हातची गेली, आणि १९९७ च्या लिलावात ती अभिनेते निकोलस केज यांनी घेतली.

मिउराची वारसदार कुंताश १९७१ मध्ये जिनिव्हातच प्रकटली. स्तान्झानीने या वेळी इंजिन उभे केले, गिअरबॉक्स पुढे आणून दोन आसनांच्या मधोमध ठेवला, तेलाचा आणि गिअर बदलण्याचा प्रश्न मुळापासून सोडवला. पण गांदिनीच्या पाचरीसारख्या आकृतीने नवे प्रश्न आणले. मागचे जवळजवळ काहीच दिसत नसल्याने चालक कात्रीसारखा वर उघडणारा दरवाजा उचलतो, उंबऱ्यावर बसतो, अर्धे अंग बाहेर काढतो आणि मान वळवून गाडी मागे घेतो. ही पद्धत पुढे इतकी प्रसिद्ध झाली, की ती मालकीची खूणच बनली. अडचणीचा असा अलंकार होणे हे या सगळ्या प्रकरणातले बहुधा सर्वांत लक्षणीय परिवर्तन. स्वस्त गाडीत जो दोष ग्राहकाने क्षणभर खपवून घेतला नसता, तोच येथे कौतुकाने सांगण्याचा किस्सा ठरला.

कुंताश ग्राहकांच्या हाती पडेपर्यंत १९७४ उजाडले होते, आणि मधल्या काळात दिवस फिरले होते. दक्षिण अमेरिकेतली ट्रॅक्टरची एक मोठी मागणी रद्द झाली. १९६९ पासून इटलीतले कारखाने संपांनी ढवळून निघाले होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि २ डिसेंबरपासून इटलीत रविवारी खासगी मोटारी चालवण्यावर बंदी घालण्यात आली. ज्या दिवशी अशी गाडी मुख्यतः बाहेर काढायची, तोच दिवस गेला. लॅम्बोर्गिनीची मिउरा असो वा कुंताश, कायद्याच्या दृष्टीने तीही शेजाऱ्याच्या फियाटसारखीच घरात उभी.

फेरुच्चोने मात्र वेळ ओळखली होती. १९७२ मध्ये त्याने मोटार कंपनीतला ५१ टक्के हिस्सा एका स्विस उद्योजकाला विकला, ट्रॅक्टरचा कारखाना ‘सामे’ या कंपनीकडे गेला, आणि १९७४ मध्ये मोटारीतला उरलेला हिस्साही त्याने सोडला. दाल्लारा त्याआधीच, १९६९ मध्ये, शर्यतीच्या गाड्या बनवायला निघून गेला होता. सत्तरीच्या दशकाअखेर लॅम्बोर्गिनीचे दिवाळे वाजले. पुढे कंपनी मिम्रान बंधूंकडे गेली, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे, नंतर इंडोनेशियन गुंतवणूकदारांकडे आणि १९९८ मध्ये आउडीकडे. ज्या मिउरांनी मालकांना रस्त्यात उभे केले, त्यांतल्या एसव्ही आता लिलावात कित्येक दशलक्ष डॉलरना जातात आणि बहुतेक काळ वातानुकूलित गोदामात असतात.

फेरुच्चो उंब्रियातल्या त्रासिमेनो सरोवराकाठी स्थायिक झाला. द्राक्षबागायतदाराच्या मुलाने तिथे पुन्हा द्राक्षे लावली, ट्रॅक्टरवर बसला आणि वाइन गाळू लागला. त्याच्या तांबड्या वाइनला लोक एका नावाने ओळखत: ‘सांग्वे दी मिउरा’, म्हणजे मिउराचे रक्त.