येऊरच्या डोंगराचा खर्च

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. पुढे रोड नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत राज्याच्या उद्योगधोरणाचा पहिला प्रयोग झाला आणि तिचा इतिहास निदान सरकारी कागदांत तरी नीट नोंदला गेला. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या येऊरच्या डोंगराला मात्र राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले म्हणून जंगल वाचले, एवढ्या एका वाक्याचा इतिहास मिळतो. तो पुरेसा नाही. सीमा आखल्याने आणि कायदा केल्याने जंगल वाचते हे अर्धे खरे आहे. या डोंगराचा भूतकाळ पाहिला तर वेगळेच सूत्र हाती लागते. लाभ घेणाऱ्यांनी जेव्हा त्याच्यासाठी कायमची, बांधील तरतूद केली तेव्हा तो टिकला. लाभ घेऊन तरतूद टाळली गेली तेव्हा त्याच्या कडा खचत गेल्या.

सर्वांत जुना पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावे आणि गावे आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी वारंवार भेटतात. कल्याणच्या बंदरातून समुद्रापार माल जात होता आणि त्या नफ्याचा काही भाग या डोंगरातल्या विहारांकडे वळत होता. मगाठाणे गावातले शेत कान्हेरीच्या संघाला दिल्याची नोंदही आहे. नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळातले लेख तर जमाखर्चाच्या वहीसारखे वाचता येतात. ठरावीक द्रम्म संघाकडे अक्षयनीवी म्हणून ठेवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजातून पूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची चीवरे आणि ग्रंथ या प्रत्येकासाठी वेगळी रक्कम खर्चायची. दाता गेला, राजवट बदलली, तरी दुरुस्ती थांबू नये अशी ही योजना होती. ही तरतूद विहारांसाठी होती, झाडांसाठी नव्हती, हे मान्य. पण पाण्याची टाकी खडकात कोरून पावसाच्या भरवशावर राहणाऱ्या वस्तीचे जगणे भोवतालच्या डोंगरावर अवलंबून होते, आणि अशा वस्तीचा खर्च वार्षिक मर्जीवर सोडता येत नाही हे त्या व्यापाऱ्यांना कळले होते.

दुसरा पुरावा पाण्याचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. १८५४ साली पाऊस दडी मारून बसला आणि मुंबई तहानली. त्यानंतर मिठी नदीच्या उगमाकडे विहार तलावाचे काम सुरू झाले आणि हेन्री कॉनीबिअरच्या आराखड्यानुसार १८६० साली ते पूर्ण झाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावांचे पाणलोट क्षेत्र शेती आणि वस्तीपासून मोकळे ठेवले गेले. त्यापुढे शंभर वर्षे गिरण्या, बंदर आणि रेल्वे यांनी भोवतालची प्रत्येक जमीन गिळली, पण डोंगराचा गाभा शाबूत राहिला. कारण त्याच्या मागे पाणीपट्टी वसूल करणारी आणि त्या पाण्याची गरज असणारी महापालिका होती. जवळजवळ त्याच सुमारास, १८६१ साली, ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत सम्राट दुसऱ्या पेद्रोने कॉफीच्या मळ्यांनी उजाड केलेले तिजुकाचे डोंगर पुन्हा जंगलाखाली आणण्याचा हुकूम काढला, तोही शहराचे झरे आटले म्हणून. ते अस्सल वर्षावन. आपले जंगल शास्त्राच्या काटेकोर भाषेत मुख्यतः दमट पानझडी, ओढ्याकाठी निमसदाहरित. दोन्ही जंगले शहरांच्या पोटात उरली आणि दोन्ही आधी पाण्यासाठी राखली गेली. उद्यान हे नाव नंतर आले. आपल्याकडे १९४२ साली सुमारे २० चौरस किलोमीटरचे कृष्णगिरी उद्यान झाले, १९५० साली मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला, १९८१ साली आजचे नाव मिळाले आणि क्षेत्र वाढत वाढत सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पोहोचले. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात आहे.

या वाढीच्या काळातच वागळे इस्टेट उभी राहिली आणि तिथे हिशेब चुकला. महामंडळाने भूखंड आखले, रस्ते केले, पाणी आणले आणि कारखानदारांकडून त्याचे शुल्क घेतले. पुढे बारवी धरणाच्या पाण्यालाही दर लागला. ही पद्धत योग्यच होती. मात्र कामगार कुठे राहतील याचा पुरेसा हिशेब त्यात नव्हता, आणि डोंगराच्या पायथ्याला पडणाऱ्या भाराचा तर अजिबातच नव्हता. कामगारांनी परवडेल तिथे, म्हणजे उतारावर, घरे केली. मुंबईच्या बाजूलाही तेच घडले. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली आणि मे १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पुनर्वसनासाठी पात्र कुटुंबाने ७,००० रुपये भरायचे होते. आधी कल्याणजवळच्या शिरढोणची जागा पुढे आली, नंतर चांदिवलीत विकासकाला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊन इमारती उभारल्या गेल्या. जंगल मोकळे करणे आवश्यक होते याबद्दल मला शंका नाही. पण या साऱ्या व्यवहारात जंगलापोटी रोख रक्कम मोजावी लागली ती झोपडीतल्या माणसाला. ज्यांच्या उत्पादनासाठी तो माणूस इथे आला त्यांच्यावर डोंगराचा एक पैसाही लागला नाही. हा अन्याय होता, आणि त्यातून उद्यानाला नियमित उत्पन्नाची वाटही मिळाली नाही.

पर्यटक येतात, तिकिटे विकली जातात, मग आणखी पैशाची गरज काय, असे विचारले जाते. तिकीट घ्यावेच. पण ते मुख्यतः बोरिवलीच्या दरवाज्यावर गोळा होते आणि गर्दी वाढली तरच वाढते. ज्या जंगलाला शांतता हवी त्याचा खर्च गर्दीवर बेतला जातो. शिवाय दरवाजा बंद झाला की तिकीट थांबते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत उद्यान बंद झाले आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात वनराणी या उद्यानातल्या छोट्या रेल्वेच्या मार्गाची वाताहत झाली. वणवा, शिकारीचे फासे आणि गस्त मात्र टाळेबंदी पाळत नाहीत. बिबट्याही पाळत नाही. २००४ साली माणसांवरच्या हल्ल्यांनी कळस गाठला, तेव्हा पकडलेले बिबटे दुसरीकडून आणून सोडण्याची पद्धत किती महाग पडते हे अभ्यासकांनी दाखवले. पुढे वनखात्याने नागरिक आणि संशोधकांना सोबत घेऊन लोकशिक्षण आणि प्रशिक्षित बचाव पथकांवर भर दिला. २०१८ च्या कॅमेरा-गणनेत ४७ बिबटे नोंदले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या ठाण्याच्या समतानगरात मॉलच्या वाहनतळात दिसला, पुढे जवळच्या हॉटेलात शिरला, आणि त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढता आले. अशी सज्जता वर्षभर पगारावर ठेवावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विहार आणि तुळशी आज मुंबईच्या पाण्यात जेमतेम दोन-तीन टक्के भर घालतात, मग पाण्याचा जुना आधार कशाला धरायचा? याला उत्तर असे की लाभ संपलेला नाही, पसरला आहे. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा इथून, शहापूरच्या रानांतून येते आणि ठाण्याच्या पोटातून जाते. ठाण्यात कूपनलिका खोदताना जलबोगद्याला भोक पडले आणि २०२३ साली मुंबईत महिनाभरासाठी पंधरा टक्के पाणीकपात लागू झाली. जमिनीखालच्या या देण्याघेण्याची जाणीव लोकांना अशा वेळीच होते. येऊरचा उतार पावसाचे पाणी जेवढे मुरवतो तेवढे ते पायथ्याच्या नाल्यांतून किसननगर, श्रीनगरात कमी उतरते. आणि लाभाच्या प्रमाणात भार उचलण्याची पद्धत याच जिल्ह्यात अमलात आलेली आहे. बारवी धरणाची उंची वाढल्यावर विस्थापितांच्या वारसांना सामावून घेताना, त्या धरणाचे पाणी घेणाऱ्या पालिकांमध्ये पाण्याच्या वाट्यानुसार नोकऱ्या वाटून दिल्या गेल्या. माणसांसाठी जे करता आले ते पाणलोटासाठी करायला तांत्रिक अडचण कोणती?

आम्ही कर भरतोच, हाही आक्षेप खरा आहे. पण सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा डोंगरापर्यंत पोहोचेलच असे नाही. वनजमीन प्रकल्पाला दिली की भरावी लागणारी रक्कमसुद्धा कॅम्पा निधीत जाते आणि राज्यभर विभागली जाते. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यानंतर इंधनावरच्या कराचा ठरलेला हिस्सा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांसाठी बांधून टाकला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना स्वतःची प्रतिष्ठाने मिळाली आणि ताडोबाला आपले उत्पन्न आपल्या रानासाठी वापरता येऊ लागले. पट्टेरी वाघांचा अधिवास नाही म्हणून शहरालगतच्या जंगलाने तेवढीही सोय मागू नये, हे मला पटत नाही.

राहिला पाड्यांचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात पाणी राखताना वस्त्या उठवल्या गेल्या, आणि त्या पद्धतीची पुनरावृत्ती नको. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा इथले वारली आणि महादेव कोळी हे पायथ्याच्या उपाहारगृहांसारखे आणि बंगल्यांसारखे नंतर आलेले नाहीत. वनहक्क कायद्याखालचे त्यांचे दावे मार्गी लावून वणवा रोखण्याचे, गस्तीचे, ओढे साफ ठेवण्याचे काम पगारी स्वरूपात आधी त्यांना मिळाले पाहिजे. पैसा कुठून आणायचा याचे एक उत्तर सध्या डोंगराच्या पोटात खोदले जात आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेला ठाणे-बोरिवली जुळा बोगदा मगाठाण्याहून टिकुजिनीवाडीपर्यंत याच उद्यानाखालून जाणार आहे आणि त्यावर सोळा हजार कोटींहून अधिक खर्च अपेक्षित आहे. घोडबंदरचा वळसा वाचवणारा प्रत्येक वाहनधारक या डोंगराचा लाभार्थी ठरेल. प्रकल्पखर्चाचा लहानसा हिस्सा मूळ रक्कम न मोडण्याच्या अटीवर उद्यानाच्या नावे ठेवायचा, त्याच्या व्याजात ठाणे आणि मुंबई महापालिकांच्या पाणीपट्टीतला आणि वागळेतल्या औद्योगिक पाण्याच्या दरातला ठरलेला वाटा मिळवायचा, झोपडपट्टीतल्या घरगुती नळाला त्यातून वगळायचे, आणि दरवर्षीचा जमाखर्च येऊरच्या पाड्यांतही वाचून दाखवायचा. बोगदा वाहतुकीला खुला होण्याआधी ही तरतूद लेखी झाली पाहिजे.