हृदयधमनी अवरोध : मधुमेही व बिगरमधुमेही रुग्णांवरील उपचार

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत मेदाचे थर साचून मार्ग अरुंद होणे, हा हृदयधमनी अवरोध. औषधे, अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंदावून स्टेंट बसवणे) आणि बायपास शस्त्रक्रिया हे त्यावरील उपचार.

मधुमेह नसेल आणि अडथळे एकदोनच असतील, तर स्टेंट बहुधा पुरेसा ठरतो. मधुमेहात धमन्या लांबवर रोगट होतात, स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा येण्याचा संभवही अधिक असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ चाचणीत एकाहून अधिक धमन्या रोगट असलेले १,९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण स्टेंट गटात २६.६ टक्के, तर बायपास गटात १८.७ टक्के आढळले; पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक झाले. अशा रुग्णाने केवळ छाती उघडण्याच्या भीतीने बायपास टाळणे अहिताचे आहे.

शिरूर, दौंडसारख्या तालुक्यांतील रुग्णाला पुणे गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. तीव्र झटक्यात धमनी पूर्ण बंद झाली असेल आणि अँजिओप्लास्टी वेळेत शक्य नसेल, तर जवळच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन पुढे पाठवणे योग्य. मधुमेहींमध्ये छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक धाप, घाम वा कमालीचा थकवा आल्यास त्यांनी तत्काळ ईसीजी काढावा.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास या दोन्हींचा समावेश आहे.