यकृतातील अवघड गाठींवर उष्णतेचा उपचार
यकृतातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नसली, तरी अनेकदा ती जागच्या जागी जाळता येते. या पद्धतीस थर्मल ॲब्लेशन म्हणतात. सोनोग्राफी वा सीटी स्कॅनच्या आधारे त्वचेतून सुई गाठीत नेऊन रेडिओलहरी अथवा मायक्रोवेव्हने उष्णता दिली जाते. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी तत्काळ मरतात. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत यश अधिक मिळते.

खरी अडचण जागेची असते. मोठ्या रक्तवाहिनीलगत वाहते रक्त उष्णता ओढून नेते व कडेच्या पेशी जगतात; तेथे मायक्रोवेव्ह सरस ठरते. आतडे शेजारी असल्यास मध्ये डेक्स्ट्रोजचे द्रावण सोडून अंतर राखतात. मुख्य पित्तनलिकेजवळ मात्र इजेचा धोका मोठा असतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हा उपचार होतो. देहू परिसरातील रुग्णास ‘शस्त्रक्रिया अशक्य’ असे सांगण्यात आल्यास स्कॅन दाखवून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे मत अवश्य घ्यावे.