थरथरती खुर्ची आणि झिजतें हाड

आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखालीं लुळा झालेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. अपघातानंतर चवथ्या वर्षीं त्याला बिछान्यावरून चाकांच्या खुर्चींत बसवितांना त्याची मांडी किंचित् पिळली गेली. कोणास कांहीं कळलें नाहीं; त्यालाहि नाहीं, कारण वेदना मेंदूपर्यंत पोंचविणारी वाटच तुटलेली. दुसऱ्या दिवशीं गुडघा सुजला तेव्हां समजलें कीं, मांडीचें हाड मोडलें आहे. झाडावरून पडतांना जें मोडलें नाहीं, तें खुर्चींत बसतांना मोडलें! हें कसें, असें त्यानें मला विचारलें. आणि त्या प्रश्नापायीं मी इतिहासाचा मास्तर या अस्थींच्या अरण्यांत शिरलों.

१८९२ सालीं युरोपांत दोन गोष्टी घडल्या. बर्लिनचे शस्त्रवैद्य ज्यूलिअस वोल्फ यांनीं हाडांच्या रूपांतराविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं हाड म्हणजे घराची तुळई नव्हे, एकदां बसविली म्हणजे झालें. तें सजीव आहे; जेथें भार पडतो तेथें तें भरतें, जेथें पडत नाहीं तेथें झिजतें. त्याच वर्षीं पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांतील विख्यात वैद्य शार्को यांनीं कंपचिकित्सेवर व्याख्यान दिलें. कंपवाताचे रोगी आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले म्हणजे त्यांना कांहीं काळ हुशारी वाटते, हें त्यांनीं हेरलें होतें. (आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवरून एस. टी.नें जाणारांचा अनुभव निराळा असावा!) त्यांनीं विजेवर थरथरणारी खुर्ची करविली. त्यांचे शिष्य झिल द ला तूरेत यांनीं तर डोक्यावर घालावयाचें थरथरतें शिरस्त्राणहि बनविलें. शार्को पुढच्याच वर्षीं वारले व प्रयोग अपुरा राहिला. २०१२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तशी खुर्ची पुन्हां करून पाहिली, तेव्हां तींतील रोगी सुधारले खरे. पण न हलणाऱ्या खुर्चींत बसविलेले रोगीहि तितकेच सुधारले.

वोल्फ आणि शार्को यांच्या वाटा एकत्र येण्यास शतक लोटावें लागलें. त्याचें एक कारण मोठें दारुण आहे. मज्जारज्जूस इजा झालेला मनुष्य पूर्वीं हाड झिजण्याइतका जगतच नसे. पाठीच्या जखमा सडून अगर मूत्रमार्गांत विष शिरून तो कांहीं आठवड्यांत, नाहींतर महिन्यांत, दगावे. पहिल्या महायुद्धांतील अशा बहुतेक सैनिकांची हीच गति झाली. नाझी जर्मनींतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनीं फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें या रोग्यांसाठीं विभाग उघडला. त्यांचा मुख्य उपाय औषधाचा नव्हता, शिस्तीचा होता. रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें, रात्रींसुद्धां. आणि माणसाला कामाला लावावयाचें. २९ जुलै १९४८ रोजीं, तिकडे लंडनला ऑलिंपिकचा प्रारंभ होत असतांना, त्यांनीं १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा चाकांच्या खुर्च्यांवरून भरविली. त्याच परंपरेंत, १९६५ च्या युद्धांत जखमी झालेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ सालीं हायडेलबर्गहून पोहण्याचें सुवर्णपदक घेऊन आले.

माणसें जगूं लागलीं, आणि मग हाडांचा प्रश्न उभा राहिला. पाय लुळे पडल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच गुडघ्याजवळच्या हाडांचा जाळीदार भाग झपाट्यानें विरतो. हाडांतील चुना रक्तांत उतरून मूत्रावाटें निघून जातो. अंतराळवीरांचीहि तीच अवस्था. भार गेला कीं हाड जातें. मग भार न घालतां त्याची नुसती चाहूल हाडास देतां येईल काय? न्यूयॉर्क राज्यांतील क्लिंटन रुबिन व त्यांचे सहकारी यांनीं मेंढ्यांना मागल्या पायांनीं एका कंप पावणाऱ्या पाटावर उभें केलें. रोज २० मिनिटें, आठवड्यांतून ५ दिवस, असें वर्षभर. सेकंदास ३० कंप, पण अत्यंत सूक्ष्म. २००१ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, मांडीच्या हाडाच्या वरच्या भागांतील जाळी ३४ टक्क्यांनीं दाट झाली! २००४ सालीं अपंग मुलांवरील एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत ६ महिन्यांत पाटावरील मुलांच्या नडगीचें हाड दाटलें, व न हलणाऱ्या पाटावर उभ्या केलेल्या मुलांचें विरळ झालें.

येथेंच गोष्ट संपावी असें मलाहि वाटत होतें. पण २०१५ सालीं, कमरेखालीं पूर्ण लुळ्या झालेल्या ९ जणांवरील प्रयोगाचा वृत्तान्त आला. त्यांना आधाराच्या चौकटींत उभें करून ६ महिने तसाच सूक्ष्म कंप दिला होता. हाडांत सुधारणा आढळली नाहीं. हीं माणसें लुळीं होऊन बराच काळ लोटला होता. जाळीचे धागे एकदां तुटले म्हणजे कंप कोठें धरणार? शिवाय मेंढीचे स्नायू जिवंत होते, यांचे नव्हते. इजा होतांच आरंभ केला तर हाड टिकेल काय, याचें खात्रीचें उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें अशा एका पाटाची जाहिरात मला पाठविली होती. तींत मेंढ्यांची हकीकत सविस्तर होती, त्या नऊ माणसांची नव्हती. मीं त्याला दोन्ही लिहून कळविल्या. त्यानें पाट घेतला नाहीं. आतां त्याला खुर्चींत बसवितांना त्याचा भाऊ एक हात पाठीशीं व दुसरा गुडघ्याखालीं धरतो, आणि मांडी पिळूं देत नाहीं.