चित्रांची उतरंड

संगणकावर छायाचित्रांचा संग्रह उघडला की नखाएवढ्या चित्रांच्या रांगा समोर येतात. त्यांतले हवे ते निवडायचे आणि मोठे करून पाहायचे, याची आपल्याला सवय झाली आहे. या नखाएवढ्या चित्राला आपण लघुचित्र म्हणू या. मूळ चित्रात लाखो ठिपके असतात, लघुचित्रात काही हजारच. मग उरलेल्या ठिपक्यांचे काय होते? हा प्रश्न समजून घेण्यासाठी एक उत्तम उदाहरण भीमाशंकरच्या डोंगररांगांच्या पूर्वेला, जुन्नर तालुक्यातील खोडद या गावी आहे. तेथे जाण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहू.

१९५७ साली अमेरिकेतील 'नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स' या संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्र संगणकात भरण्याचे यंत्र तयार केले. त्यासाठी किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे ५ सेंमी लांबी-रुंदीचे चित्र निवडले. त्याचे उभे १७६ आणि आडवे १७६ असे एकूण ३०,९७६ ठिपके झाले. अशा ठिपक्याला पुढे पिक्सेल हे नाव मिळाले. चित्र म्हणजे आता आकड्यांचा तक्ता झाला, आणि चित्र लहान करणे म्हणजे मोठ्या तक्त्यावरून लहान तक्ता बनवणे.

हे दोन प्रकारे करता येते. आलेख-कागदावर विद्यार्थ्यांना ८ × ८ चौकटींचा चौरस आखायला सांगा. पहिला स्तंभ काळा, दुसरा पांढरा, तिसरा काळा, असे रंगवू द्या. आता चित्र निम्मे करायचे आहे. एक स्तंभ सोडून एक घेतला, तर सगळे चित्र काळेकुट्ट होते. सुरुवात दुसऱ्या स्तंभापासून केली, तर तेच चित्र कोरे पांढरे होते! शेजारच्या दोन-दोन स्तंभांची सरासरी घेतली, तर मात्र करडा रंग मिळतो. पट्टे दोन्ही रीतींत गेले. पण करड्या चित्राने खोटे काही सांगितले नाही.

यामागचे गणित चित्रांसाठी नव्हे, तर तारायंत्र आणि दूरध्वनी यांच्यासाठी शोधले गेले. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते मांडले. त्याचा सारांश असा, की पुन्हापुन्हा येणारा बदल नीट टिपायचा असेल, तर त्याच्या एका आवर्तनात दोनांहून अधिक नमुने घ्यावे लागतात. तेवढे घेता येणार नसतील, तर तो बारीक बदल आधीच पुसून टाकावा. सरासरी हेच काम करते.

आता खोडदला जाऊ. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण सूर्याच्या निरीक्षणासाठी उभी राहिली होती. खोडदची 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' (जीएमआरटी) ही त्यांच्याच कल्पनेतून साकारली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात आहेत आणि १६ तबकड्या तीन दिशांना पसरल्या आहेत. दोन तबकड्यांमधील सर्वाधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

येथे एकेक तबकडी स्वतंत्र छायाचित्र घेत नाही. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशातील एका ठरावीक बारकाव्याची नोंद करते. जवळच्या जोड्या मोठे, पसरट आकार टिपतात, तर दूरच्या जोड्या सूक्ष्म तपशील. फक्त मधल्या १४ तबकड्यांच्या नोंदी वापरल्या, तर त्याच आकाशाचे भरड चित्र मिळते. म्हणजे येथील लघुचित्र निरीक्षणातच दडलेले असते!

२०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या नोंदींवर पुन्हा प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत सुमारे ९० टक्के आकाश आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत आहेत. यातील एक चित्र ५ अंश लांब-रुंद असते आणि एक पिक्सेल सुमारे ६ विकलांचा. ५ अंश म्हणजे १८,००० विकला. म्हणून एका बाजूस ३,००० पिक्सेल. त्याचे १५० पिक्सेलचे लघुचित्र केले, तर मूळच्या २० × २०, म्हणजे ४०० पिक्सेलच्या जागी एकच उरतो.

बिंदूसारखा स्रोत या चित्रात सुमारे २५ विकला रुंद दिसतो, म्हणजे साधारण ४ × ४ पिक्सेल. पिक्सेल नुसते गाळत गेलो, तर ४०० पैकी १६, म्हणजे २५ स्रोतांपैकी सरासरी एकच हाती लागेल. उरलेले २४ नाहीसे होतील. आणि सापडलेला एक मात्र वाजवीपेक्षा कितीतरी मोठा दिसेल. सरासरी घेतली, तर एकही स्रोत पूर्ण गळत नाही, पण प्रत्येकाची तीव्रता पंचविसाव्या हिश्श्यावर येते. अंधूक स्रोत मग पार्श्वभूमीत मिसळून जातात, आणि शेजारचे दोन स्रोत एकच भासतात. म्हणूनच स्रोतांची मोजणी नेहमी मूळ चित्रावरच केली जाते. लघुचित्र केवळ कोठे पाहायचे हे सांगण्यापुरते.

दरवेळी ४०० पिक्सेलची सरासरी काढणेही वेळखाऊच. १९८३ मध्ये लान्स विल्यम्स यांनी संगणक-चित्रणासाठी एक युक्ती मांडली. प्रत्येक चित्राच्या निम्म्या, पाव, एक-अष्टमांश बाजूच्या प्रती आधीच करून ठेवायच्या. आपल्या घरातील मडक्यांच्या उतरंडीसारखीच ही चित्रांची उतरंड. यासाठी जागा किती लागेल? १/४ + १/१६ + १/६४ + … ही भूमितीय श्रेणी मांडा. तिची बेरीज १/३ येते. फक्त एक-तृतीयांश जादा जागेत सगळ्या लहान प्रती मावतात. आज जीएमआरटीच्या या सर्वेक्षणासह अनेक आकाश-सर्वेक्षणे संगणकाच्या पडद्यावर अशाच उतरंडीतून दाखवली जातात.

वर्गातील भिंतीवरचा नकाशा हेही एक लघुचित्रच आहे. तालुक्याच्या नकाशात दिसणारा ओढा राज्याच्या नकाशात दिसत नाही, आणि तो ओढा नाही असे मूल समजू शकते. दोन्ही नकाशे शेजारी टांगून काय गळले, काय एकत्र झाले, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावावे. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनी भरणारे प्रदर्शन पाहण्याचा योग आला, तर तेथील आकाशाच्या चित्रांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारावा: यातला एक ठिपका मुळात किती ठिपक्यांचा होता?