नाव, पत्ता आणि क्रमांक

‘अण्णा नगर, चेन्नई’ एवढा पत्ता पाकिटावर लिहिला की तो पुरेसा झाला, असे गावाकडच्या आपल्या माणसांना वाटते. प्रत्यक्षात अण्णा नगरचा पिन कोड ६०००४०, पूर्व भागाचा ६००१०२ आणि पश्चिम विस्ताराचा ६००१०१ आहे. मदुराईतही एक अण्णा नगर आहे. त्याचा पिन ६२५०२०. शिवाय चेन्नईत अनेक दारांवर जुना आणि नवा असे दोन घरक्रमांक असतात. नाव एक व ठिकाणे अनेक, हा प्रशासनाचा जुनाच प्रश्न आहे.

त्यावर देशव्यापी उपाय योजला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण मंत्रालयातील हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते. त्यांची सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे. त्यामुळे पाकिटावरील लिपी वाचता न येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही टपालाची दिशा कळू लागली. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले, तरी ६०० हे अंक तसेच राहिले. नावाचा अभिमान लोकांनी बाळगावा, व्यवहार मात्र न बदलणाऱ्या खुणेवर चालावा, हे या योजनेतले शहाणपण होय.

संगणकीय टपालाचेही तसेच आहे. पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर डेटाबेसच्या आधारे चालवला की, कोणत्या पत्त्याचे टपाल कोणत्या खात्यात जायचे हे तक्त्यातील नोंद ठरवते. नोंदच नसेल तर पत्र परत जाते आणि चूक उघड होते. नोंद चुकीची असेल, किंवा ‘जे सापडणार नाही ते सारे इकडे’ अशी सरसकट नोंद कोणी करून ठेवली असेल, तर पत्र निमूटपणे भलत्याच खात्यात जमा होते. पाठवणारा निश्चिंत असतो आणि ज्याचे पत्र, त्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून तपासणी पायरीपायरीने करावी. सर्व्हर ते डोमेन आपले मानतो का, हे प्रथम पाहावे. मग नेमका तोच पत्ता तक्त्याला विचारून काय उत्तर येते ते पाहावे. शेवटी, उत्तरात आलेले खाते खरोखर अस्तित्वात आहे का, याची खात्री करावी. आधी प्रदेश, मग जिल्हा, मग डाकघर, हा वेलणकरांचाच क्रम आहे.

२०२५ साली टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण देणारी ही पद्धत आहे. तिने ठिकाण अचूक सांगता येईल. पण त्या ठिकाणी आज कोण राहते, ही नोंद कोणी तरी जागरूकपणे राखावीच लागेल. निवृत्तिवेतनाचे पत्र असो वा न्यायालयाचे समन्स, ते चुकीच्या दारी पडले तर हानी नागरिकाची होते, तक्ता सांभाळणाऱ्याची नव्हे. म्हणूनच परत आलेल्या पत्रांपेक्षा, परत न आलेल्या पण न पोहोचलेल्या पत्रांची काळजी प्रशासकाने अधिक वाहिली पाहिजे.