त्वरण : गोटमारीतील दगडाची गती

वेगातील बदलाच्या दराला त्वरण म्हणतात. एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. वेगाला दिशा असल्याने नुसती दिशा बदलली तरी त्वरण असतेच. मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी गोटमार हे त्वरणाचे भीषण, पण चोख उदाहरण होय. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्यावरील झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगड फेकतात.

समजा, दगड सेकंदाला २० मीटर वेगाने, ४५ अंशांत सुटला. हवेचा रोध सोडल्यास तो सुमारे १० मीटर उंच चढतो आणि २.९ सेकंदांत जवळपास ४१ मीटरांवर पडतो. सर्वोच्च बिंदूशी दगड क्षणभर थांबतो, हा विद्यार्थ्यांचा आवडता गैरसमज. तेथे फक्त उभा वेग शून्य होतो. आडवा वेग सेकंदाला १४ मीटर राहतो आणि गुरुत्वीय त्वरण तेच, ९.८, खालच्या दिशेने. हातातून सुटल्यावर फेकणाऱ्याचे बल दगडावर उरत नाही.

नुसत्या दिशाबदलाचे उदाहरण म्हणजे गोफण. तिच्यात दगड समान चालीने फिरला, तरी केंद्राकडे त्वरण असते : चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. एक मीटर दोरी व ३० मीटर प्रति सेकंद चाल असल्यास ते ९०० भरते.

इजा मात्र थांबण्यात आहे. हाताने फेकलेल्या दगडाचा वेग उतरताना, सुटला त्याच पातळीवर, पुन्हा २० असतो; तो एका सेंटीमीटरात थांबल्यास सरासरी मंदन २०,००० होते, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे दोन हजार पट.